दोन मण्यांची अदलाबदल

मधुमेहाच्या रोग्याला जेवणापूर्वीं टोंचावयाच्या औषधाची लहानशी कुपी आज शहरांतील पुष्कळ घरांत असते. तिच्यावर ‘इन्सुलिन लिस्प्रो’ असें छापलेलें असेल, तर तें नांव कोणा शास्त्रज्ञाचें नव्हे, कीं गांवाचेंही नव्हे. लायसिन आणि प्रोलिन या दोन द्रव्यांच्या नांवांचे आरंभीचे तुकडे जोडून तें बनविलें आहे, आणि त्या औषधाची सारी कथा त्या जोडनांवांत सांठविली आहे.

इन्सुलिन हें एक प्रथिन आहे. अमिनो आम्लांचे ५१ मणि दोन माळांत ओंवलेले आहेत, एका माळेंत २१ व दुसरींत ३०. या मण्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनीं केंब्रिज येथें १९५५ पर्यंत उलगडला. पुढें १९६९ सालीं डोरोथी हॉजकिन यांनीं ऑक्सफर्ड येथें माळांची घडी कशी पडते तें क्ष-किरणांच्या साह्यानें दाखविलें, आणि इन्सुलिनचे रेणु सहा-सहांच्या टोळक्यानें बसतात तें डोळ्यांसमोर आलें. अडचण या टोळक्याची आहे. टोंचलेल्या जागीं तें फुटून एकेक रेणु सुटा होईपर्यंत वेळ जातो. तोंवर रोग्याचें जेवण उरकून रक्तांतील साखर चढूं लागलेली असते. मोठ्या माळेंतील २८ वा मणि प्रोलिन व २९ वा लायसिन. या दोघांची नुसती अदलाबदल केली, तर टोळकें सैल होतें व औषध लवकर लागू पडतें. असें औषध १९९६ सालीं विक्रीस आलें. तें तयार करतात जिवाणू. त्यांना दिलेल्या जनुकरूपी आज्ञेंत तेवढाच फेरफार केलेला असतो.

परंतु ५१ मण्यांतून नेमके हेच दोन कसे सुचले? शरीरांत इन्सुलिनचें एक नातलग प्रथिन आहे; त्याचा संबंध शरीराच्या वाढीशीं. त्याची माळ इन्सुलिनच्या माळेखालीं मांडून पाहिली, तों त्याच जागीं हेच दोन मणि उलट क्रमानें बसलेले आढळले, आणि या नातलगाला टोळकें करण्याची तशी खोड नाहीं! सजीवांच्या घडणींत हात घालणाऱ्या कारागिराचें पहिलें हत्यार म्हणजे एकाखालीं एक मांडलेल्या अशा ओळी. मात्र त्या कोणीतरी आधीं जमवून एकाच लिपींत लिहून ठेवलेल्या असाव्या लागतात.

हें काम अमेरिकेंत मार्गारेट डेहॉफ या विदुषीनें अंगावर घेतलें. निरनिराळ्या मासिकांत विखुरलेले क्रम तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं गोळा केले आणि १९६५ सालीं ६५ प्रथिनांचें एक पुस्तक काढलें. त्या काळचे संगणक भोंकें पाडलेल्या कार्डांवर चालत. त्यांत जागा थोडी. म्हणून तिनें प्रत्येक अमिनो आम्लाला एकेकच रोमन अक्षर दिलें. लायसिनला ‘के’ मिळालें, कारण ‘एल’ हें अक्षर ल्यूसिनच्या वांट्याला गेलें होतें. हीच लिपि जगभर आजही चालते. पण नवें शोधणाराचा मान जुनें नीट लिहून ठेवणाराला मिळत नाहीं, ही विद्वानांच्या दरबारची रीत आहे. १९८२ सालीं जनुकांच्या अक्षरमालांचें सरकारी दप्तर उघडलें, तेव्हां तें काम डेहॉफबाईंच्या संस्थेकडे न येतां लॉस अलामॉस येथील मंडळींकडे गेलें. पुढच्याच वर्षीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, त्या वारल्या.

प्रथिनांच्या घड्यांचें दप्तर निराळें. तें १९७१ सालीं ब्रुकहेव्हन येथें अवघ्या सात नोंदींनीं सुरू झालें. त्यांतील प्रत्येक ओळ ८० रकान्यांची, कारण कार्डावर रकाने तेवढेच. अणूच्या अनुक्रमांकासाठीं पांच रकाने राखले होते. एका प्रथिनांत ९९,९९९ हून अधिक अणू कोठून येणार? पण पेशींतील रायबोसोम या प्रचंड यंत्राची आकृति हातीं आली, आणि ती पांच रकान्यांत मावेना. मग एकाच वस्तूचे तुकडे निरनिराळ्या नोंदींत टाकावे लागले. ही अडचण २०१४ सालीं नवी प्रशस्त मांडणी मुख्य ठरली तेव्हां फिटली. कार्डें केव्हांच अडगळींत गेलीं होतीं. त्यांची रुंदी मात्र कितीतरी वर्षें मागें उरली.

वहीची शिस्त ढिली पडली तर काय होतें, याचें उदाहरण हंसूं आणणारें आहे. कांहीं जनुकांचीं संक्षिप्त नांवें ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशीं होतीं. हिशेबाचीं कोष्टकें मांडणारी ‘एक्सेल’ ही आज्ञावली त्यांना तारखा समजे व निमूटपणें २ सप्टेंबर, १ मार्च असें लिहून टाकी. २०१६ सालच्या एका तपासणींत, अशीं कोष्टकें जोडलेल्या जनुकविषयक निबंधांपैकीं सुमारें एक-पंचमांशांत ही चूक आढळली. अखेर २०२० पर्यंत जनुकांचींच नांवें बदलावीं लागलीं. आज्ञावलीपुढें शास्त्रानें हात टेकले म्हणावयाचें!

२०२० सालींच डीपमाइंड कंपनीच्या ‘अल्फाफोल्ड’ या आज्ञावलीनें नुसत्या अक्षरमालेवरून प्रथिनाची घडी आश्चर्यकारक अचूकपणें वर्तविली. तिच्या दोन कर्त्यांना, डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, २०२४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सृष्टींत नसलेलीं प्रथिनें संगणकावर रचणारे डेव्हिड बेकर हे त्या पारितोषिकाचे तिसरे मानकरी. अल्फाफोल्डला हें ज्ञान कोठून आलें? त्याच दप्तरांतील दीड लाखाहून अधिक नोंदी तिला शिकविण्यांत आल्या होत्या. सात नोंदींनीं उघडलेली ती वही जवळजवळ पन्नास वर्षें कोणी भरली नसती, तर तिला शिकावयास कांहींच नव्हतें.

वही अजून भरली जात आहे. अमेरिका, इंग्लंड व जपान येथील कचेऱ्यांत नवी आकृति आली कीं ती तशीच दाखल होत नाहीं. मद्रास येथें जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६३ सालीं एक नकाशा प्रसिद्ध केला होता. प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळूं शकते व कोणत्या कोनांत तिचे अणू एकमेकांवर आदळतील, तें त्यांत दाखविलें आहे. आलेल्या आकृतींतील मणि त्या नकाशाशीं ताडून पाहतात, आणि कांहीं मणि निषिद्ध प्रदेशांत पडले, तर ते पुन्हां तपासावे म्हणून तशी नोंद करून पाठविणाराकडे परत धाडतात.