दिव्यातले मृत्यू मोजायचे कसे?

पंधरा वर्षांचा झालेला माणूस साठी गाठण्याआधी दगावण्याची शक्यता किती, या आकड्याला लोकसंख्याशास्त्रात प्रौढ मृत्युमान म्हणतात. बालमृत्यूची माहिती आईला विचारून मिळते. प्रौढाच्या मृत्यूबद्दल हक्काने विचारावे असा एक ठरलेला माणूस नसतो. पाहण्यांमधल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, आणि मुंब्रा-डोंबिवलीदरम्यानच्या दिव्यासारख्या वस्तीत त्या ठळक दिसतात.

सरकारी नोंदवह्या असताना पाहणी कशाला, असे वाटेल. पण 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथे नोंदला जातो, माणूस राहत होता तिथे नव्हे. दिव्यातल्या साबे गावातला रुग्ण कळव्याच्या रुग्णालयात वारला तर नोंद ठाणे महापालिकेत, सायनला वारला तर मुंबई महापालिकेत. शेवटच्या आजारात दिवा-सावंतवाडी गाडीने गावी नेलेल्या माणसाची नोंद कोकणातल्या ग्रामपंचायतीत होते. रुळांवर सापडलेल्या बेवारस मृतदेहाचा तर पत्ताच नसतो. म्हणून घरोघर जाऊन विचारावे लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नेमके हेच करते. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते चालवते आणि 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशभरातील 6,36,699 कुटुंबे गाठली गेली. गेल्या काही वर्षांत घरात कोण वारले, त्याचे वय किती, केव्हा वारला, असे प्रश्न कुटुंबाला विचारले जातात. उत्तर द्यायला कुटुंब शिल्लक असेल, हे त्यात गृहीत असते. कमावता नवरा गेला की भाड्याची खोली सोडून बायको मुलांना घेऊन माहेरी किंवा दिराकडे जाते. खोलीत नवे भाडेकरू येतात आणि त्यांच्या घरात कोणीच वारलेले नसते. एकट्याने किंवा चौघांत खोली करून राहणाऱ्या कामगाराचे तर कुटुंबच दुसऱ्या राज्यात. उलट वडील कधी थोरल्याकडे तर कधी धाकट्याकडे राहत असतील, तर दोन्ही भाऊ त्यांचा मृत्यू आपापल्या घरात सांगतात. वृद्धाचा मृत्यू असा दोनदा मोजला जातो, तरुणाचा एकदाही नाही. या चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत. प्रौढ मृत्युमान त्यांच्यामुळे खालीच ओढले जाते.

तारीख आणि वय हा दुसरा घोळ. वर्षश्राद्धामुळे महिना पक्का आठवतो, साल मात्र सरकते. म्हणून ‘गणपतीच्या आधी की नंतर, त्या वर्षी मोठा मुलगा कितवीत होता’ असे खोदून विचारावे लागते. वय सांगताना शून्य आणि पाच यांचा मोह सुटत नाही. 58 व्या वर्षी गेलेल्याला ‘साठीचे होते’ म्हटले की तो मृत्यू पंधरा ते साठच्या हिशेबातून बाहेर पडतो. वये अशी शून्य-पाचावर किती गोळा झाली आहेत, ते व्हिपल निर्देशांकावरून कळते. कोणत्याच अंकाकडे कल नसेल तर तो 100 येतो, सगळीच वये शून्य-पाचात संपली तर 500.

उत्तरे अगदी खरी मिळाली तरी संख्येची अडचण उरतेच. समजा, हजार कुटुंबांत चार हजार माणसे आहेत. हजारी सहा या दराने वर्षाला 24 मृत्यू होतील, त्यांतले पंधरा ते साठ वयाचे साधारण आठ. निव्वळ योगायोगाने ते एखाद्या वर्षी तीन किंवा तेराही भरू शकतात. एका प्रभागाचे प्रौढ मृत्युमान अशा पाहणीवरून सांगणे धाडसाचे ठरेल.

सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीत सुटलेल्या मृत्यूंवर दुहेरी मोजणीचा उपाय आहे. स्थानिक गणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर नोंदी ठेवतो. पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे फिरतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि न जुळलेल्या नोंदींसाठी पुन्हा घर गाठतात. अशा दोन याद्यांवरून सुटलेल्या घटनांचाही अंदाज बांधता येतो, हे चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी 1949 मध्ये दाखवले. एकाला 90 मृत्यू सापडले, दुसऱ्याला 80, दोघांत समान 72, तर एकूण मृत्यू 90 गुणिले 80 भागिले 72, म्हणजे 100. हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीशी बांधलेली नसते. कुलूप लागलेली खोली मात्र दोघांनाही सारखीच चकवते.

आई-वडील हयात आहेत का, भावंडे किती उरली, असे विचारूनही अंदाज काढतात. पण दत्तक मूल सख्ख्या आई-वडिलांबद्दल सांगेलच असे नाही, आणि ज्या घरातले एकही भावंड उरले नाही ते घर उत्तरांत येतच नाही. विल्यम ब्रास यांची वाढ-संतुलन पद्धत नोंदणीतली तूट शोधून देते, पण तिला स्थलांतर नसलेली लोकसंख्या लागते. दिव्याला ती लावण्यात अर्थ नाही.

कोविडच्या मृत्यूंवरून हे प्रश्न वादाचे झाले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या निवडक कुटुंबांवरून 2020 मध्ये देशात सुमारे 11.9 लाख जादा मृत्यू झाल्याचे मांडले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते फेटाळले; निवडलेली कुटुंबे देशाची प्रातिनिधिक नाहीत आणि नोंदणीत 2019 च्या तुलनेत 4.74 लाखांचीच वाढ आहे, असे त्याचे म्हणणे. नमुन्याबद्दलचा आक्षेप रास्त होता. पण नोंदणीतली वाढ म्हणजे मृत्यूंमधली वाढ, हेही गृहीतकच. महाराष्ट्राला या वादात स्वतःचा पुरावा देता आला नाही, कारण इथले क्षेत्रकाम 2019 मध्येच आटोपले होते.

त्या फेरीचा नमुना 2011 च्या जनगणनेतल्या गटांवरून काढला होता. निवडलेल्या गटात घरांची यादी नव्याने करतात, त्यामुळे नव्या इमारती सुटत नाहीत. पण गट निवडताना त्याचे वजन जुन्या लोकसंख्येवरून ठरलेले असते. दिव्यातल्या दातिवली, आगासन, बेतवडे इथे 2011 नंतर उभ्या राहिलेल्या चाळी-इमारतींची पहिली पूर्ण मोजणी 2027 च्या जनगणनेत व्हायची आहे.