खोक्यावरचे वॉट, मीटरवरचे युनिट

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला निरोप दिला आणि घरांतल्या, कचेऱ्यांतल्या जुन्या डेस्कटॉपांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. वर्षभराची वाढीव मुदत ज्या घरगुती ग्राहकांनी पदरात पाडून घेतली, त्यांनाही १३ ऑक्टोबर २०२६ नंतर पळवाट नाही. हे सगळे वाचून झाले असेल, ते पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलायचे आहे ते दुकानातल्या एका सवाल-जवाबाबद्दल. 'वीज किती खातो हो हा प्रोसेसर?' असे एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलेच, तर काउंटरपलीकडून उत्तर येते, 'हा पासष्ट वॉटचा, तो एकशे पंचवीसचा.' गिऱ्हाईक मनातल्या मनात बिल दुप्पट करते आणि पासष्टवर बोट ठेवते.

दुकानदार खोटे बोललेला नसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तोच आकडा छापलेला असतो. फक्त तो विजेच्या बिलाचा आकडा नसतो.

या आकड्याला टीडीपी म्हणतात, म्हणजे थर्मल डिझाइन पॉवर. पंखा आणि कूलर किती उष्णता वाहून नेण्याच्या तयारीचा हवा, हे ठरवण्यासाठी तो जन्माला आला. एएमडीचे याचे सूत्र तर मासलेवाईक आहे. चिपच्या झाकणाचे कमाल तापमान घ्यायचे, त्यातून पंख्याजवळच्या हवेचे तापमान वजा करायचे आणि उरलेल्या फरकाला कूलरच्या उष्णतारोधाने भागायचे. झाला टीडीपी! चिपमध्ये वीज किती शिरते, हे या सूत्रात कुठेच येत नाही. गाडीचा रेडिएटर केवढा आहे ते सांगायचे आणि मायलेज सांगितल्याचा आव आणायचा, त्यातला हा प्रकार. प्रत्यक्षात ६५ वॉटच्या रायझनला सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढायची मुभा असते, १०५ वाल्याला १४२ आणि १७० वाल्याला २३०.

इंटेलने निदान २०२१ मध्ये, बाराव्या पिढीपासून, दोन आकडे द्यायला सुरुवात केली. कोअर आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॉट आणि जोर लावल्यावरचा ११७. कोअर आय९-१३९००के चा १२५ आणि २५३. हा दुसरा आकडा दुकानात सहसा कोणी उच्चारत नाही. उलटी गंमत रायझन ७ ७८००एक्स३डी ची. त्याचा टीडीपी १२०, पण खेळ चालू असताना तो त्याच्या बराच खाली राहतो. कागदावर त्याच्या शेजारी बसणारा १२५ वॉटचा कोअर आय९-१४९००के त्याच खेळात त्याच्या कितीतरी पुढे जातो. १२० आणि १२५ यांच्यात पाचचाच फरक दिसतो, पण बिलाच्या दृष्टीने त्या पाचला काही अर्थ नाही.

पण हे झाले भाराखालचे. रोजच्या वापरात भार असतो कुठे? टॅलीत नोंदी करणारा हिशेबनीस, आपले सरकार सेवा केंद्रातला चालक, सोसायटीच्या कार्यालयातला संगणक, ऑनलाइन तासाला बसलेली मुले, बातम्या वाचणारे आजोबा यांच्या यंत्रातला प्रोसेसर दिवसातला बहुतेक वेळ काहीच करत नसतो. तुमच्या दोन अक्षरांच्या टंकनामध्ये त्याच्या हिशेबाने युगे जातात. तेवढ्या वेळात तो आपल्या एकेका कोअरचा वीजपुरवठा तोडून झोपतो आणि पुढची कळ दाबली की उठतो. म्हणून रोजच्या विजेची तुलना करायची, तर प्रश्न असा हवा: हा प्रोसेसर रिकामा बसल्यावर किती घेतो?

या एका प्रश्नाने बाजारातली क्रमवारी उलटीपालटी होते. एएमडीने जुलै २०१९ मध्ये रायझन ३००० आणताना प्रोसेसरचे तुकडे केले. गणिताचे कोअर एका सिलिकॉनच्या तुकड्यावर, मेमरी आणि बाकी दळणवळण दुसऱ्यावर. उत्पादनाच्या दृष्टीने ही चाल अत्यंत हुशारीची होती. लहान तुकड्यांत खराब माल कमी निघतो आणि एकच तुकडा डेस्कटॉपपासून सर्व्हरपर्यंत वापरता येतो. इंटेलला घाम फोडला तो याच चालीने. पण या दोन तुकड्यांमधला दुवा सतत जागा राहतो. कोअर झोपले, तरी दळणवळणाच्या तुकड्याला पुरती झोप लागत नाही. परिणामी असे रायझन नुसते बसल्या बसल्या वीस वॉटच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतात. एकाच अखंड तुकड्याचे इंटेलचे कोअर आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० तेव्हा एक आकडी वॉटमध्ये असतात. आणि हा दोष एएमडी या नावाचा नाही. त्यांचाच रायझन ५ ५६००जी एका तुकड्याचा आहे आणि रिकामा असताना तोही इंटेलसारखाच शांत बसतो.

म्हणजे मेहनतीच्या वेळी एएमडी काटकसरी आणि विश्रांतीच्या वेळी इंटेल. दोन्हीकडचे भक्त आपापली अर्धी बाजू मांडतात आणि दुसरी दाबतात.

आकडे मांडून बघू. कचेरीतला संगणक रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस चालतो असे धरा. रिकामे असताना २० वॉटचा फरक असेल तर वर्षाला ६० युनिट होतात. आता खेळणारा मुलगा घ्या, रोज दोन तास, तेवढेच दिवस. भाराखाली १०० वॉटचा फरक असेल तर त्याचेही ६० युनिटच! ज्या १०० वॉटवरून लोक हमरीतुमरीवर येतात, त्यांची भरपाई कोणाला न दिसणारे २० वॉट सहज करतात. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये लावले तर वर्षाचे सहाशे रुपये. रक्कम डोळे विस्फारण्यासारखी नाही, हे कबूल. पण महावितरणच्या बिलात दर टप्प्यांनी चढतो आणि शंभर युनिटांची वेस ओलांडताना तो मोठी उडी घेतो. संगणकाचे युनिट घराच्या वापरावर शेवटी चढतात, म्हणजे ते तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. दहा संगणकांच्या प्रशिक्षण वर्गाला तर हिशेब दहापट.

भाराखालची वीज एवढी का फुगते, याची गोष्ट जुनी आहे. चिपची वीज वारंवारितेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. व्होल्टेज दीडपट केले की वीज सव्वादोनपट. आणि वारंवारिता वर न्यायची तर व्होल्टेज वाढवावेच लागते. पेंटियम ४ च्या काळात इंटेल याच चिखलात रुतली. ३.८ गिगाहर्ट्झला टीडीपी ११५ वॉटवर गेला, जाहीर केलेला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द करावा लागला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये ऑर्लँडोतल्या गार्टनरच्या परिषदेत मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून त्याबद्दल माफी मागितली. थट्टेतच मागितली, पण मागितली. पुढे जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. गिगाहर्ट्झ कमी, टीडीपी ६५ वॉट आणि वेग पेंटियमपेक्षा जास्त. तो धडा उद्योगाने काही वर्षे पाळला.

मग शर्यत पुन्हा सुरू झाली. चाचण्यांच्या तक्त्यात दोन-चार टक्क्यांनी वर दिसण्यासाठी शेवटचे शंभर वॉट जाळायचे, ही आजची रीत आहे. याचा पुरावा खुद्द इंटेलनेच दिला. १३९००के बाजारात आणताना कंपनीने अभिमानाने सांगितले, की ६५ वॉटवर बांधून ठेवला तरी तो आधीच्या १२९००के च्या २४१ वॉटच्या कामगिरीला गाठतो. मग तो २५३ वॉटवर विकता कशाला, असे कोणी विचारायला हवे होते. पुढे २०२४ मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जात असल्याचे इंटेलने मान्य केले, मायक्रोकोडच्या दुरुस्त्या काढल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. एएमडीने रायझन ९ ७९५०एक्स सोबत इको मोड दिला आहे. तो लावला की थोडा वेग देऊन भरपूर वॉट वाचतात. बायोसमधली एक निवड, एवढेच काम. कोणी जुळणी करून देणारा आपणहून ती करून देत नाही, कारण गिऱ्हाइकाला तक्त्यातला वेग हवा असतो.

आता माझ्या आवडीच्या मुद्द्यावर येतो, आणि तो प्रोसेसरचा नाहीच. तो एसएमपीएसचा आहे. मंडळी प्रोसेसरच्या दहा वॉटवर तासभर वाद घालतात आणि भिंतीतली वीज यंत्राला पाजणारा हा डबा दुकानदार देईल तो घेतात. '८० प्लस'चे प्रमाणपत्र कार्यक्षमता मोजते ती २०, ५० आणि १०० टक्के भाराला. टायटॅनियम या वरच्या श्रेणीत तेवढी १० टक्क्यांची अट आहे. तुमच्या माथी ६५० वॉटचा डबा मारलेला असेल आणि यंत्र रिकामे असताना ४० वॉट घेत असेल, तर डब्यावरचा भार सहा टक्के. ज्या बिंदूवर यंत्र सगळ्यात जास्त तास काढते, तिथे सोनेरी, प्लॅटिनम वगैरे बिरुदे मुकी होतात. 'पुढेमागे ग्राफिक्स कार्ड टाकलेत तर असू द्या' म्हणून मोठा डबा विकला जातो. ते कार्ड बहुतेकांकडे कधीच येत नाही. तीच गत 'एफ' अक्षराच्या इंटेल प्रोसेसरांची. १२४००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक्स नाही. मग वेगळे कार्ड लावा आणि त्याचे रिकामेपणीचे वॉट कायमचे सोसा.

नियम करणाऱ्यांना हे केव्हाच कळले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार सुरू केले, ते संगणक आणि मॉनिटरपासूनच. त्यांच्या डेस्कटॉपच्या सूत्रात यंत्र बंद असणे, झोपलेले असणे आणि रिकामे बसणे एवढ्याच अवस्थांना वजन आहे. जोरात काम करण्याला नाही. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाचे नियम कडक झाले आणि डेलने एलियनवेअरची काही खेळाची यंत्रे तिथे आणि आणखी पाच राज्यांत पाठवणे थांबवले. तेव्हा 'गेमिंगवर बंदी' अशी ओरड झाली. तो नियमही मुळात यंत्र काम करत नसतानाच्या विजेबद्दल होता. आपल्याकडे फ्रिजवर, एसीवर तारे मोजूनच लोक खिशात हात घालतात. प्रोसेसरच्या खोक्यावर तसे तारे नाहीत आणि ते मागणारेही कोणी दिसत नाही.

विंडोज ११ मुळे बाजारात एका मालाला भलतीच मागणी आली आहे, ती म्हणजे कंपन्यांतून निघालेल्या आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड छोट्या पेट्यांची. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी वगैरे. विंडोज ११ साठी इंटेलची किमान पिढी आठवीच, म्हणून ही गर्दी. त्यात अनेकदा आय५-८५००टी असतो आणि 'टी म्हणजे ३५ वॉट, वीज वाचते' असे सांगून तो विकला जातो. यातले अर्धेच खरे. टी ने फक्त वरची मर्यादा खाली येते. रिकामे बसल्यावर टी आणि त्याचा साधा भाऊ जवळपास सारखेच घेतात. या पेट्या काटकसरी असतात त्या मदरबोर्ड लहान, एसएमपीएसच्या जागी लॅपटॉपसारखा अडॅप्टर आणि वेगळे कार्ड नाही म्हणून. कारण चुकीचे सांगितले, तरी सल्ला बरोबर आहे. घ्याव्यात.

काटकसरीत यांच्याही पुढे अॅपल आहे. एम१ च्या मॅक मिनीचे रिकामेपणीचे आकडे कंपनी स्वतः ६.८ वॉट देते, कमाल ३९ वॉट, आणि हे नुसत्या चिपचे नव्हे, अख्ख्या यंत्राचे. तिथे टॅली आणि सरकारी डिजिटल सह्यांचे टोकन यांचे जमवताना नाकी नऊ येतात, हा भाग वेगळा. पण बाकीच्या कंपन्यांनी अख्ख्या यंत्राचा आकडा का देऊ नये?

ज्या गावांत वीज जाते-येते, तिथे हा प्रश्न बिलापेक्षा यूपीएसचा आहे. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॉट-तास, हाती त्याहून बरेच कमी. मॉनिटर धरून ६० वॉट घेणारे यंत्र आणि १५० वॉट घेणारे यंत्र यांतला फरक इथे चालू अर्ज पूर्ण भरून जमा करता येणे आणि न येणे, इतका थेट असतो.

हे सगळे सांगूनही एक सवय प्रोसेसरच्या निवडीला मागे टाकते. ४० वॉटवर बसलेला कचेरीतला संगणक संध्याकाळी बंद न करता चौदा तास तसाच ठेवला, तर ३०० दिवसांत १६८ युनिट जातात. वर मांडलेल्या फरकाच्या जवळजवळ तिप्पट. स्लीप लावायला पैसे पडत नाहीत.

नवा घ्यायचा असेल, तर लिखापढी, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी आत ग्राफिक्स असलेला, एका तुकड्याचा आय३ किंवा आय५, नाहीतर रायझनचा 'जी' पुरेसा आहे. व्हिडिओ संपादन आणि खेळ रोजचे असतील तर रायझन घ्या आणि इको मोड लावून घ्या. पैसे देण्याआधी दुकानदाराला प्लगमध्ये खोचायचे वॉटमीटर लावायला सांगा, विंडोज सुरू करून पाच मिनिटे यंत्राला हात लावू नका आणि मग दिसणारा आकडा बिलाच्या मागे लिहून घ्या.