घराचंही साल ठरवा : आधी माळवद हलकं करा

पाडवा आला की आपण सालगड्याचं साल ठरवतो. कोणत्या रानात सोयाबीन, कुठं तूर, बैल ठेवायचे की विकायचे, सगळं बोलून होतं. घराचं साल मात्र कुणी ठरवत नाही. घरात लग्न निघालं की रंग, पाऊस गळायला लागला की ताडपत्री, असा आपला कारभार.

नाही म्हणायला मराठवाड्यात एक काम दरसाल नेमानं होतं. मृगाच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायची. गळती थांबते, म्हणून आजा टाकायचा, बाप टाकायचा, आपणही टाकतो. पण जुनी माती काढतो कोण? एक घनफूट माती साधारण ४५ किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर एक इंचाचा थर म्हणजे पावणेचार क्विंटल. असं करत करत फूटभर थर जादा चढला, की ४५ क्विंटल ओझं नुसतं डोक्यावर. पावसात भिजलं की आणखी वाढतं. खाली आपली लेकरं झोपलेली असतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागात कोण विसरेल? गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. भूकंप किती रिश्टरचा होता हे सगळे सांगतात. पण माणसं मेली ती बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून. पुढे पुनर्वसनात जुन्या घरांच्या मजबुतीसाठी मदत मिळाली, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी त्या पैशात शेजारी नवी खोली बांधली. जुनं घर होतं तसंच राहिलं आणि वापरातही राहिलं. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली भागात धक्के बसले, तेव्हा लोक अशाच घरांतून बाहेर पळाले.

तेव्हा असं करा. एका वर्षाला एकच काम धरा, पण ते पुरं करा.

पहिल्या वर्षी माती उतरवा. हे काम अंगमेहनतीचं आहे, पैशाचं कमी. हरभरा निघाला की माणसं मोकळी होतात, तेव्हा हात घाला आणि मे संपायच्या आत उरका. आधी आतून तुळयांना टेकू द्या. खांबाचं बूड टोकरून बघा, वाळवी लागलेला खांब वरून ठणठणीत दिसतो. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत या. एका कोपऱ्यात ढीग घालाल तर कडी मोडेल आणि काम करणारा खाली येईल. शेवटी वीतभर थर ठेवा, त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि पाण्याला पन्हाळीकडे उतार द्या. गळती कागदानं थांबते, त्यासाठी मातीचा डोंगर लागत नाही.

दुसऱ्या वर्षी लाकूडकाम. खांब आणि तुळई जिथं मिळतात त्या काटकोनात दोन्हीकडून तिरपे दांडे ठोकून घ्या. सुताराचं चार-दोन दिवसांचं काम, पण हादऱ्यात सांगाडा कलंडत नाही.

तिसऱ्या वर्षी भिंती. आपली भिंत दोन फूट जाड दिसते, खरं तर त्या दोन पातळ भिंती असतात आणि मधे मुरूम-माती भरलेली. हादरा बसला की दोन्ही पापुद्रे सुटतात. त्यांना बांधायला तीन-चार फुटांवर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. हे जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्या, पहारीचे घाव घालू देऊ नका. फरशी, रंग, कमान यांचं साल त्याच्या नंतर.

कुणी म्हणेल, घरकुलाच्या यादीत नाव आहे, मग जुन्यावर खर्च कशाला? बरोबर आहे राव. पण यादी कधी हलेल हे सरपंचालाही सांगता येत नाही, आणि पावसाळा दरसाल येतो. माती उतरवायला तर यादीची वाट बघायचं कारणच नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले जुने ग्रामसेवक भाऊसाहेब) यांनाही एक सांगणं आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावातली माळवदाची घरं मोजा. एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं वेगळी लिहा, ती माती त्यांच्यानं उतरणार नाही. लोखंडी टेकूंचा एक संच ग्रामपंचायतीनं घेऊन ठेवला तर आळीपाळीनं गावभर फिरेल.

आणि उतरवलेली माती भिंतीला लागून टाकू नका. ओल धरते, भिंतीचा पाया ढिला होतो. परसात खड्डा असेल तर तिथं, नाहीतर सरळ ट्रॉलीत भरून बांधावर.