धुतलेली भांडी वाळतात कशी?

2020 च्या टाळेबंदीत कामाच्या बाई येईनाशा झाल्या आणि शहरांतल्या अनेक घरांत भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर आले. आमच्याकडेही आले. काही महिन्यांतच तक्रार सुरू झाली: भांडी स्वच्छ निघतात, पण ओली. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी हीटर बदलला. पैसे गेले, डबे ओलेच राहिले. मग मी शाळेतले उष्णतेचे धडे आठवू लागलो. उत्तर तिथेच होते.

बऱ्याच यंत्रांत भांडी वाळवायला गरम हवेचा झोत नसतो. शेवटचे विसळणे साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्याने होते. ते पाणी निघून जाते आणि तापलेली भांडी उरतात. त्यांच्यात साठलेली उष्णताच अंगावरच्या पाण्याची वाफ करते. ही वाफ यंत्राच्या त्या मानाने थंड भिंतींवर जमून खाली ओघळते.

आता हिशेब मांडू. या तापमानाला 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 560 कॅलरी लागतात. चिनी मातीची 400 ग्रॅमची ताटली 65 अंशांवरून 40 वर आली, तर 400 × 0.2 × 25 = 2000 कॅलरी देते. म्हणजे साडेतीन ग्रॅम पाणी उडू शकते. थोडी उष्णता हवेला जाते, तरी नीट निथळलेल्या ताटलीला एवढे पुरते.

प्लास्टिकचा डबा मात्र ओला राहतो. का? ‘प्लास्टिकचा विशिष्ट उष्मा कमी असेल,’ असे विद्यार्थी म्हणतील. ते चूक आहे. पॉलिप्रॉपिलीनचा विशिष्ट उष्मा सुमारे 0.45, म्हणजे चिनी मातीच्या दुपटीहून अधिक आहे. पण डबा असतो हलका. 60 ग्रॅमचा डबा 675 कॅलरी देईल, म्हणजे जेमतेम 1.2 ग्रॅम वाफ.

मग 100 ग्रॅमच्या स्टीलच्या वाटीचे काय? ती तर 300 कॅलरीच देते. तरी ती डब्याआधी वाळते, कारण स्वच्छ स्टीलवर पाणी पातळ पसरते आणि निथळते. शिवाय स्टील सुवाहक असल्याने वाटीभरची उष्णता ओल्या जागी पोचते. प्लास्टिकवर पाण्याचे फुगीर थेंब बनतात. त्यांचा पृष्ठभाग कमी, आणि दुर्वाहक प्लास्टिकमधून उष्णताही सावकाश येते.

एवढे समजले की दोष शोधणे सोपे जाते. क्रम असा ठेवावा:

1. फक्त प्लास्टिकच ओले राहते का? तसे असेल तर यंत्र बिघडलेले नाही.

2. वाट्या, कप तिरपे पालथे ठेवले आहेत का? कपाच्या तळाच्या खोलगट भागात साचलेले पाणी उडवण्याइतकी उष्णता कपात नसते.

3. रिन्स एड संपले आहे का? हे द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करते. थेंबांचा पातळ थर होतो आणि पाणी निथळते.

4. यंत्र थांबताच ताटलीला जपून हात लावा. चांगली गरम लागली तर हीटर ठीक आहे. कोमट लागली तर अधिक तापमानाचा प्रोग्रॅम लावून पाहा. तरीही कोमटच राहिली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा.

आमची ताटली चांगली गरम होती. रिन्स एडचा कप्पा रिकामा होता. हीटर बदलण्याआधी हात लावून पाहिला असता, तर खर्च वाचला असता.

धुणे संपल्यावर थोड्या वेळाने दार किलकिले करावे. पावसाळ्यात याचा काय उपयोग, असे वाटेल. पण 60 अंशांची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे 130 ग्रॅम बाष्प धरते, 30 अंशांची फक्त 30 ग्रॅम. बाहेर धो धो पाऊस असला, तरी यंत्रातल्या हवेपेक्षा स्वयंपाकघरातल्या हवेत बाष्प कमीच असते.

वर्गात हे पाहायला यंत्र लागत नाही. चिनी मातीचा कप, स्टीलची वाटी आणि प्लास्टिकचा डबा पाच मिनिटे कडक गरम पाण्यात बुडवा. शिक्षकांनी स्वतः चिमट्याने काढून ते तिरपे पालथे ठेवावेत. तशीच दुसरी तीन भांडी गार पाण्यातून काढा. आधी कोण वाळेल, याचा अंदाज प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा आणि मगच घड्याळ लावा.