तीन मिनिटांचे चित्रण, लेकराच्या कामाचे

किनवट किंवा मुखेडहून विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात लेकरू दाखवायला आणायचे म्हणजे माउलीचा रोज बुडतो. कोणत्याही मोठ्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लेकरू झोपलेले तरी असते, नाहीतर रडून बेजार. घरी गोधडीवर ते हातपाय कसे हलवते, हे डॉक्टरांना दिसत नाही. म्हणून आम्ही सुचवतो, ते मोबाईलवर टिपून सोबत न्या.

यामागे शास्त्र आहे. तीन ते पाच महिन्यांचे निरोगी बाळ जागे असताना मान, मनगटे, घोटे सतत बारीक-बारीक वळवत असते. हाइन्झ प्रेख्टल या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये १३० बाळांचा अभ्यास मांडला. ही हालचाल नीट असलेल्या ७० पैकी ६७ बाळांची पुढची वाढ नीट झाली. ती नसलेल्या किंवा बिघडलेल्या ६० पैकी ५७ बाळांच्या मज्जासंस्थेत पुढे दोष दिसला. त्यानंतर ऑस्ट्रेलियात पालकांनी घरीच मोबाईलवर चित्रण करून पाठवण्याचा प्रयोगही झाला.

दिवस भरण्याआधी जन्मलेले, वजनाने फार कमी, जन्मताच न रडलेले, काचेच्या पेटीत राहिलेले लेकरू असेल तर हे जरूर करा. “याचा बाप बी उशिराच चालला” असे घरातली आजी म्हणते. आजीचा मान राखावा, पण या बाबतीत तिचे ऐकून थांबू नये. मेंदूला इजा असेल तर ती पुसता येत नाही. पण व्यायाम, उपचार लवकर सुरू झाले तर बसणे, हात वापरणे यात पुष्कळ फरक पडू शकतो.

वय नीट मोजा. दोन महिने आधी जन्मलेल्या लेकराचे तीन महिने म्हणजे जन्मापासून पाच महिने.

लेकरू प्यालेले, कोरडे, जागे आणि खुशीत असावे. त्याला सपाट गोधडीवर उताणे निजवा, झोळीत नको. अंगावर फक्त लंगोट ठेवा. खुळखुळा, चोखणी दूर ठेवा, बोलू नका, खेळवू नका. पायाच्या बाजूने उभे राहून तोंड, दोन्ही हात, दोन्ही पाय दिसतील असे तीन मिनिटे टिपा. रडले तर थांबा, पुन्हा घ्या. चित्रण पाहून निदान आपण करायचे नाही. ते शिकलेल्या डॉक्टरांचे काम, आणि लेकराला हात लावून तपासणे चुकत नाही. चित्रण स्टेटसला किंवा ग्रुपवर टाकू नका.

लेकरू एकामागून एक मान झुकवून दचकल्यासारखे झटके देत असेल, तर ते टिपा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे वयाची वाट पाहू नये.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत आहे. जिल्ह्यातले शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे, हे आशाताईंना विचारा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या, आणि मोबाईल चार्ज करून ठेवा.