कोंबडी बुटकी का राहते?

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना किंवा भोरहून वरंध घाटाच्या बाजूला वळल्यावर घरापुढे दिसणारी गावरान कोंबडी अंगाने लहानच असते. पूर्ण वाढली तरी सव्वा-दीड किलोच्या आसपास. दिवसभर उकिरडा उकरायचा, घारीची सावली पडली की पडवीत पळायचे, रात्री खुराड्यात. वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी, मधूनमधून खुडूक बसणे आणि एकवीस दिवसांनी पिल्ले बाहेर.

गेल्या काही दशकांत गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्ले गावोगाव पोहोचली. ती वजनाने गावरानच्या दीड-दोन पट भरतात, अंडीही जास्त देतात. पण त्यांच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पुढची पिल्ले हवी असतील तर पुन्हा उबवणी केंद्राकडे जाणे आले. शिवाय अंगणात कोंबडे मोकळे फिरतात, संकर होतो आणि दोन-तीन पिढ्यांत एकाच घरात सगळ्या आकारांची आणि सगळ्या रंगांची पाखरे दिसू लागतात. ज्याला मूळची लहान, चपळ, स्वतः अंडी उबवणारी कोंबडी टिकवायची आहे, त्याला मग ती निवडून जोपासावी लागते.

अशी निवड जगात अनेक ठिकाणी छंद म्हणूनही चालते. बुटक्या कोंबड्यांना इंग्रजीत ‘बँटम’ म्हणतात. हे नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून आले. वजन किती, रंग कोणता, तुरा कसा, शेपटी किती उभी, याचे प्रत्येक जातीसाठी लेखी निकष असतात. मात्र निकष लिहिणे सोपे, पिढ्यान् पिढ्या तसेच पाखरू मिळवणे कठीण.

पहिली अडचण साधी आहे. पाखरू लहान दिसते, पण ते जन्मजात लहान आहे की उपाशी राहिल्यामुळे? पावसाळ्यात निघालेले, जंतांनी बेजार झालेले, मोठ्या पिल्लांच्या गर्दीत दाण्याला मुकलेले पिल्लू खुरटते. ते ‘बुटक्या वाणाचे’ म्हणून राखले, तर त्याची पिल्ले चांगले खाऊन भराभर मोठी होतात आणि पाळणारा चक्रावतो. खुरटलेपणा आईबापांच्या जनुकांतून आलेला नसतो, म्हणून तो त्या वाटेने पुढे जातही नाही. यासाठी जाणकार आधी सगळ्या पिल्लांना पोटभर दाणा आणि जंतांचे औषध देतात, चार-पाच महिन्यांनी प्रत्येक तलंग काट्यावर तोलतात आणि मगच निवड करतात.

हाच गोंधळ माणसांच्या बाबतीत होतो आणि तिथे तो फार महाग पडतो. डोंगरी भागात मूल वयाच्या मानाने ठेंगणे राहिले, तर ‘आमची माणसं ठेंगणीच’ असे सहज म्हटले जाते. आईवडिलांच्या उंचीवरून मुलाच्या अपेक्षित उंचीचा अंदाज बांधता येतो. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असल्यास तीत १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असल्यास वजा करायचे आणि निम्मे करायचे. पण हे गणितसुद्धा फसवे ठरू शकते. आईवडील स्वतःच लहानपणी कुपोषित राहिले असतील, तर त्यांची उंची ही वारशाची खूण नसून त्या उपासमारीची खूण असते. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत जी वाढ हुकते, ती नंतर भरून काढणे अवघड जाते. अंगणवाडीत वजनाबरोबर उंची मोजतात ती याचसाठी. ती नोंद ‘घराणंच बुटकं’ म्हणून दुर्लक्षित करणे म्हणजे उपाशी पिल्लाला वाणाचे समजण्यासारखे आहे.

खरा, वारशाने येणारा बुटकेपणा कोंबड्यांत अनेक जनुकांच्या मिळून होणाऱ्या परिणामातून येतो. तरी काही वेळा एकच जनुक पुरते. वाढीच्या संप्रेरकाची खूण पकडणारा पेशीवरचा ग्राहक बिघडला की संप्रेरक भरपूर असूनही शरीर वाढत नाही. माणसांत याला ‘लॅरॉन सिंड्रोम’ म्हणतात. इस्रायलमधले डॉक्टर झ्वी लॅरॉन यांनी १९६६ मध्ये त्याचे वर्णन केले. कोंबड्यांमध्ये हे जनुक लिंगसूत्रावर असते आणि इथे पक्ष्यांचे गणित माणसाच्या उलट आहे. माणसात रंगांधळेपणासारखा दोष मुलाला आईकडून येतो. कोंबडीत मात्र मादीला ते लिंगसूत्र एकच आणि तेही बापाकडून मिळते. म्हणून या प्रकारच्या बुटक्या तलंगा हव्या असतील, तर कोंबडा पारखावा लागतो. कोंबडीकडे कितीही निरखून पाहिले तरी उपयोग नाही.

जपानी ‘चाबो’ ही आखूड पायांची, जमिनीलगत चालणारी देखणी जात. तिच्यात आखूड पायाच्या जनुकाची एकच प्रत असते. अशा दोन पाखरांची जोडी लावली, तर सरासरी चारपैकी दोन पिल्ले आखूड पायांची, एक लांब पायांचे आणि ज्याला दोन्ही प्रती मिळाल्या तो गर्भ अंड्यातच, पहिल्या काही दिवसांत मरतो. कितीही पिढ्या निवड करा, हा चौथा हिस्सा जातोच. माणसातही एका प्रकारच्या जन्मजात ठेंगणेपणात, म्हणजे अकॉन्ड्रोप्लेजियात, जनुक वेगळे पण हिशेब हाच आहे. आईवडील दोघांनाही तो असेल, तर चारातल्या एका गर्भाला तो दुहेरी मिळतो आणि ते बाळ सहसा जगत नाही. अशा जोडप्याने गर्भधारणेपूर्वीच जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यायला हवा.

मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे मुळात कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दिसून आले. विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये ते दाखवले. तेव्हा अंगणातला तुरा हा काही किरकोळ विषय नव्हे!

जातिवंत पाखरांच्या नादात सर्वांत मोठा धोका जवळच्या नात्यातल्या जोड्यांचा. मनाजोगता एकच कोंबडा मिळाला की त्याच्या लेकीही त्याच्याकडेच सोडल्या जातात. बाप-लेकीच्या पिल्लांत जनुकांच्या चार जागांपैकी सरासरी एका जागी एकाच पूर्वजाची प्रत दुहेरी येते. रंग-रूप पक्के होते, पण त्यासोबत लपलेले दोषही उघडे पडतात. अंडी कमी फळतात, पिल्ले मरतात, रोगाला लवकर बळी पडतात. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात अनेक समाजांत रूढ आहे. तिथे हे प्रमाण सोळात एक, म्हणजे चौपट कमी, पण शून्य नाही. घरात आधीच थॅलेसेमिया, मूकबधिरपणा किंवा कारण न कळता दगावलेली बाळे असतील, तर लग्नाआधी रक्ततपासणी आणि सल्ला टाळू नये.

कडकनाथचा काळा रंगही असाच एका जनुकीय बदलातून येतो. रंगपेशी त्वचेपासून हाडांपर्यंत पसरतात, एवढेच. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच. मात्र मधुमेह किंवा हृदयविकार बरा करणारे मांस म्हणून त्याला चढ्या दराने विकत घेण्यात अर्थ नाही. गावरान अंड्याच्या पिवळ्याधमक बलकाचेही तेच. तो रंग हिरवा पाला आणि मक्यातून येतो, आणि प्रथिने पांढऱ्या अंड्यातही तितकीच असतात.

भोर-वेल्ह्यात लहान गावरान वाण राखायचे असेल, तर दर वर्षा-दोन वर्षांनी कोंबडा बदलावा, तोही दोन-तीन गावे सोडून आणलेला. आणल्यावर निदान दोन आठवडे त्याला वेगळ्या डालग्यात ठेवावे आणि मानमोडीची लस टोचून घ्यावी, कारण एक आजारी कोंबडा आठवडाभरात सगळे खुराडे रिकामे करू शकतो. उबवायला ठेवलेली अंडी सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर धरावीत. ज्यात रक्तवाहिन्यांचे जाळे दिसेल ती परत कोंबडीखाली ठेवावीत, कोरी दिसतील ती काढून टाकावीत.