घाटात गाडी मिसिंग मारते तेव्हा

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागला, की जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी पिकअप घेईनाशी होते, धक्के देते. इगतपुरीनंतर सपाटीला पुन्हा सुरळीत पळते. पेट्रोलला दोष देण्याआधी प्लगच्या वायरी बघा. चढावर इंजिनावर भार येतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. एक्झॉस्टच्या धगीनं वायरीचं आवरण कडक होऊन तडकलं असेल, तर वीज प्लगपर्यंत न जाता त्या चिरेतून इंजिनाच्या धातूत उतरते. सीएनजीला व्होल्टेज आणखी लागतं, त्यामुळे दोष तिथे आधी उघड होतो.

रात्री मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावून इंजिन चालू ठेवा आणि बॉनेट उघडा. अंधारात वायरीवर निळसर ठिणगी दिसली किंवा टक-टक ऐकू आली, की चोर सापडला. चालू इंजिनात वायरीला हात मुळीच लावू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो.

इंजिन गार झाल्यावर वायर रबरी टोपीला धरून काढा, वायरीला धरून ओढू नका. टोपीच्या आत काळी रेघ आहे का? असेल तर वीज तिथूनही गळते. मल्टिमीटरनं वायरीचा रोध मोजताना ती हळूच वाकवा. आकडा उड्या मारत असेल तर वायर गेली. बदलताना एकेक करूनच बदला, क्रम चुकायला नको. वायरी धरून ठेवणाऱ्या क्लिपाही परत बसवा. वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकली, तर नवीही तशीच करपेल.

डिझेल गाड्यांत प्लगच्या वायरी नसतात. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे त्यांतही या वायरी नसतात.